गाडीचे बिल आपणही वाचू या

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी तानसा येथे झालेल्या शिबिरातील भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सकाळी कायदा झाला, मग आरोग्य झाले, आणि आता 'छोट्या गाडीचे बिघाड व दुरुस्तीचा खर्च'. पत्रिकेतला हा विषय वाचून काही जणींना हसू आले असेल. बायकांच्या शिबिरात गॅरेजचा विषय कशाला? पण गेल्या वर्ष-दोन वर्षांत गटांच्या बैठकांमध्ये कर्ज कशासाठी मागितले गेले ते आठवून पाहा. बी-बियाणे, आजारपण, लग्न, घराचे पत्रे ही कारणे जुनीच आहेत. त्यांत आता 'गाडीच्या कामासाठी' हे कारण वारंवार येऊ लागले आहे. कर्ज बाईच्या नावावर निघते, हप्ताही तीच भरते. गाडीला काय झाले होते असे विचारले तर ती म्हणते, "मला काय ठाऊक? ह्यांनी सांगितलं इंजिनाचं काम आहे." पैसे देणारीला आपण पैसे कशाचे दिले हे माहीत नसावे, हा काही निव्वळ यंत्राचा प्रश्न नव्हे. म्हणून हा विषय.

आपण बसलो आहोत तो तानसा गाव आहे. इथले धरण १८९२ साली पुरे झाले आणि तेव्हापासून इथले पाणी मुंबईला जाते. पुढे याच तालुक्यातून भातसाचेही पाणी जाऊ लागले. तरी उन्हाळा आला की शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. पाणी आपल्या दारावरून जाते आणि नळ दुसऱ्याच्या घरात उघडतो, ही गोष्ट इथल्या बाईला समजावून सांगावी लागत नाही. गाडीचेही बऱ्याच घरांत तसेच झाले आहे. हप्ता हिचा, डिझेल-पेट्रोल हिच्या मजुरीचे, आणि किल्ली मात्र त्याच्या खिशात.

मी मेकॅनिक नाही. संघटनेची गाडी चालवता चालवता आणि गॅरेजमध्ये बाजूला न बसता जवळ उभे राहून जे कळले, ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी ही गाडी कोणती ते समजून घेऊ. रेनॉची क्विड २०१५ मध्ये आली, महिंद्राची केयूव्ही १०० २०१६ मध्ये, मारुतीची एस-प्रेसो २०१९ मध्ये आणि टाटाची पंच २०२१ मध्ये. कंपन्या अशा गाड्यांना क्रॉसओव्हर किंवा मिनी एसयूव्ही म्हणतात. दिसायला त्या उंच, रुबाबदार, जीपच्या वळणाच्या. जमिनीपासूनची उंची साधारण १७० ते १९० मिलिमीटर, म्हणजे साध्या छोट्या गाडीपेक्षा थोडी जास्त. त्यामुळे दगडाला पोट घासत नाही, हा फायदा खराच. पण आतून ती छोटी गाडीच असते. इंजिन लहान, ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना, आणि बसायची सोय पाच जणांची, क्वचित सहा जणांची. ती जीप नाही. जाहिरातीत ती डोंगरावर चढताना दाखवतात, म्हणून आपल्या पाड्याच्या वाटेवर ती रोज चढावी असे होत नाही. तिच्या दुरुस्तीच्या खर्चातला निम्मा भाग या एका गैरसमजातून निघतो.

आता बिघाड एकेक करून पाहू. मी सांगेन ते आकडे आपल्या भागातल्या साध्या गॅरेजचे, अंदाजाचे आहेत. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ते वाढतात, आणि गाडीप्रमाणेही बदलतात.

पहिला बिघाड चाकांच्या वरचा, म्हणजे सस्पेन्शनचा. महामार्ग सोडून पाड्याकडे वळले की खड्डे सुरू. प्रत्येक खड्ड्याचा मार शॉकअप, लोअर आर्म, बुश आणि लिंक रॉड यांच्यावर बसतो. यांत बुश म्हणजे रबराचे तुकडे. ते झिजले की लोखंडावर लोखंड आपटते आणि खड्ड्यात टक-टक आवाज येतो. बहुतेक वेळा हा आवाज लिंक रॉडचा असतो. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड मजुरीसकट बाराशे ते दोन हजारांत होतात. लोअर आर्म बदलायचा तर एका बाजूचे दीड ते तीन हजार. पुढचे दोन्ही शॉकअप बदलायचे तर पाच ते आठ हजार. आवाज आला की थेट शॉकअप बदलायला सांगणारे भेटतात. म्हणून गाडी जॅकवर उचलून, चाक हलवून, सैल काय आहे ते आपल्याला दाखवायला सांगायचे. शॉकअप बदललाच तर डावा-उजवा जोडीने बदलायचा, आणि अशा कामानंतर अलाइनमेंट करून घ्यायचे. त्याला तीनशे ते पाचशे लागतात. ते वाचवले तर टायर एका बाजूने झिजतो आणि चार-पाच हजारांचा टायर जातो.

याच जागी आणखी एक गोष्ट पाहायची. पुढच्या चाकाला फिरवणारा जो दांडा असतो, त्याच्या टोकाला रबरी बूट असतो, घड्या घातलेला. आत ग्रीस असते. काट्याने, दगडाने तो फाटला की ग्रीस बाहेर आणि चिखल-माती आत. या वेळी लक्ष गेले तर काम काही शेकड्यांत, फार तर हजाराच्या आसपास. लक्ष गेले नाही, तर दोन-तीन महिन्यांत स्टिअरिंग पूर्ण वळवले की कट-कट आवाज येऊ लागतो. मग अख्खा जॉइंट बदलावा लागतो आणि चार ते आठ हजार जातात. बिघाड तोच, फक्त पाहायला उशीर झाला. गाडी धुताना चाकाच्या मागे हात घालून बूट चाचपायला कोणतीही बाई शिकू शकते. आणि गाडी धुण्याचे काम घरोघरी कोणाकडे असते, हे मी वेगळे सांगत नाही.

दुसरा बिघाड क्लचचा. म्हशाच्या जत्रेला पाच जणांच्या गाडीत नऊ जण बसतात, वर पोती. चढावर हाफ क्लच धरून गाडी उभी ठेवतात. क्लच प्लेट घासून घासून जळते. खूण अशी की इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही, आणि जळका वास येतो. छोट्या गाडीची क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग मजुरीसह सहा ते दहा हजारांत बसते. नीट चालवली तर क्लच काही वर्षे टिकतो, ओझे वाहिले तर वर्षातच जातो. चढावर थांबायचे तर हँडब्रेक ओढायचा, पाय क्लचवरून पूर्ण काढायचा. यात ताकदीचा काही भाग नाही, सवयीचा आहे.

इथेच 'बायकांसाठी सोपी' म्हणून विकल्या जाणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीबद्दल बोलते. या छोट्या गाड्यांत बहुधा गिअरबॉक्स साधाच असतो. फक्त क्लच आणि गिअर आपल्या हातापायाऐवजी एक यंत्र बदलते. म्हणजे क्लच प्लेट झिजायची ती झिजतेच, आणि वरून त्या यंत्राचा बिघाड वाढतो. ते बिघडले तर पंधरा ते चाळीस हजारांपर्यंत खर्च जाऊ शकतो, आणि तालुक्याच्या गॅरेजात ते काम होईलच असे नाही. ज्या बाईला गुडघ्याचा त्रास आहे, तिने ती जरूर घ्यावी. पण बाईला गिअर जमत नाही, असे म्हणून कोणी ती गळ्यात मारत असेल तर ऐकू नका. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८८ मध्ये देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक ठरल्या आणि मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी आणली. वाटेत बोरघाट आहे. चार गिअर-पाच गिअर हे काही त्याहून अवघड नाही.

तिसरा बिघाड गाडी गरम होण्याचा. एप्रिल-मेमध्ये कसारा किंवा माळशेज चढताना काटा लालकडे जातो. इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये कूलंट असते, त्यात ठरल्या मापाने डिस्टिल्ड पाणी मिसळतात. आपल्याकडे ते कमी झाले की विहिरीचे, बोअरचे पाणी ओततात. त्या पाण्यातला क्षार आणि गंज आत साचतो आणि नळ्या तुंबतात. लिटरभर कूलंट काही शेकड्यांत मिळते. ते वाचवून पुढे रेडिएटर बदलायचा तर चार ते सात हजार. काटा लाल झाला तरी "पोचू आता" म्हणून गाडी रेटली, तर हेड गॅस्केट जाते आणि पंधरा ते तीस हजारांचे काम निघते. म्हणून काटा चढला की गाडी बाजूला घेऊन बंद करायची, अर्धा-पाऊण तास थांबायचे. गरम असताना रेडिएटरचे झाकण कोणालाही उघडू द्यायचे नाही, वाफेने तोंड भाजते. ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली, किंवा सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबतच नसेल, तर गॅस्केटची शंका घ्यायची. या दोन खुणा नसताना कोणी हेड उघडायचे म्हणाले, तर का ते विचारायचे.

चौथा बिघाड पावसाचा आणि सर्वांत महागाचा. आपल्याकडे ओढ्यावर मोऱ्या आणि बुटके पूल आहेत. पाणी वरून जात असते. मधे गाडी बंद पडते आणि चालवणारा घाबरून पुन्हा पुन्हा सेल्फ मारतो. इथेच इंजिन मरते. इंजिनात हवा दाबली जाते. हवा दबते, पाणी दबत नाही. पाणी आत गेले असताना सेल्फ मारला की पिस्टन अडतो आणि त्याचा दांडा वाकतो. मग इंजिन खोलावे लागते, पन्नास हजारांच्या पुढचे काम. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. म्हणून नियम एकच. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही. माणसे आधी उतरवायची, मग गाडी ढकलून किंवा ओढून काढायची. आणि वाहत्या पाण्यात गाडी घालायचीच नाही. गाडी गेली तर कर्ज राहते, माणूस गेला तर काहीच राहत नाही.

पाचवा बिघाड उंदरांचा. भात झोडले की पेंढ्याची उडवी अंगणात, आणि गाडीही तिथेच. रात्री इंजिनाच्या उबेला उंदीर येतो आणि वायर कुरतडतो. सकाळी गाडी सुरू होत नाही, किंवा इंजिनाचा दिवा लागतो. एखादी वायर जोडायला काही शेकडे पुरतात. अख्खे वायरिंग बदलायला सांगितले तर वीस हजारांच्या पुढे जाते. म्हणून आधी स्कॅनर लावून कोणता दोष दाखवतो ते पाहायचे, बॉनेट उघडून तुटलेली वायर डोळ्यांनी पाहायची. पेंढ्यापासून गाडी दूर लावली तर ही वेळच येत नाही.

बॅटरीचे आयुष्य साधारण तीन-चार वर्षे, किंमत चार ते साडेपाच हजार. पण गाडी सुरू झाली नाही म्हणजे बॅटरी गेलीच असे नाही. टोकांवर पांढरे खार साचले असेल तर वायर सोडवून गरम पाण्याने साफ करून पाहायचे. गाडी सुरू असताना मीटरवर चौदाच्या आसपास व्होल्ट यायला हवेत. येत नसतील तर दोष चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा, आणि नवी बॅटरी टाकूनही ती पुन्हा उतरणार. ब्रेकचे तसेच. पॅड झिजले की कर्कश आवाज येतो, तेव्हा दीड-अडीच हजारांत काम होते. खर्र असा घासल्याचा आवाज येईपर्यंत थांबलो, तर डिस्क खराब होते आणि तीन-पाच हजार वर जातात. घाट उतरताना ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचे, नुसत्या ब्रेकवर नाही.

ज्यांच्या गाडीला सीएनजी आहे, त्यांनी टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी चुकवू नये. किट बाहेरून बसवले असेल तर त्याची नोंद आरसी बुकात आणि विम्यात आहे का ते पाहावे.

हे सगळे ऐकून तुमच्या लक्षात आले असेल की बहुतेक बिघाड सुरुवातीला हजार-दोन हजारांचेच असतात. बाईच्या कानाला खड्ड्यातला आवाज ऐकू येतो, नाकाला वास येतो. पण ती बोलली तर "तुला काय कळतंय त्यातलं" म्हणून गप्प केले जाते. दोन महिन्यांनी तोच बिघाड पंधरा हजारांचा होतो, आणि तेव्हा पैशासाठी मात्र तिच्याचकडे येतात. कानातले गहाण पडते, नाहीतर गटाचे कर्ज निघते.

यावरचा पहिला उपाय म्हणजे बिल. 'इंजिन काम, अठरा हजार' असे एका ओळीचे बिल म्हणजे बिल नव्हे. काम सुरू करण्याआधी अंदाज कागदावर लिहून घ्यायचा. बिलात पार्टची किंमत वेगळी आणि मजुरी वेगळी लिहायला सांगायची. पार्ट कंपनीचा की डुप्लिकेट ते लिहून घ्यायचे आणि खोक्यावर छापलेली किंमत पाहायची. काढलेला जुना पार्ट परत मागायचा. तो हातात आला की खरोखर बदलला का ते कळते, आणि कसा झिजला तेही. शेवटी, किती दिवसांची हमी ते बिलावर घ्यायचे. गॅरेजवाला चिडेल, असे तुम्हाला वाटेल. जो चांगला मिस्त्री आहे तो चिडत नाही. उलट कोणी विचारले की तो दाखवतो, कारण त्यालाही आपल्या कामाचा अभिमान असतो. दोनदा विचारल्यावर तिसऱ्यांदा तो आपणहून सांगतो.

फसवणूक झालीच तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही त्या कायद्याने सेवा आहे. सदोष पार्ट, न केलेल्या कामाचे पैसे, याबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. आधी १९१५ या क्रमांकावर फोन करून सल्ला घेता येतो. पण या सगळ्याला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे बिल.

दुसरा उपाय कागदांचा. गाडीसाठी कर्ज बाईच्या नावाने निघाले, पण आरसी बुकावर नाव नवऱ्याचे किंवा दिराचे, अशी घरे आपल्या प्रत्येक गटात आहेत. शेतकरी संघटनेने १९९० च्या आसपास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला तेव्हा शेत बाईच्या नावावर करा असे सांगितले होते. गाडी शेतासारखी टिकत नाही, पण कर्ज तिच्या नावे असेल तर गाडीवरही तिचे नाव असले पाहिजे. जुनी गाडी घेताना विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. फॉर्म २९ आणि ३० भरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आधीचे बँकेचे कर्ज फिटले का, हेही आरसीवर पाहा.

नाव लागले म्हणजे झाले असेही नाही. गाडीच्या मालकाने स्वतः चालवताना अपघात झाला तर विम्यात पंधरा लाखांचे संरक्षण असते, पण ते मालकाकडे वैध लायसन्स असेल तरच. म्हणजे नाव बाईचे आणि लायसन्स नाही, तर ते संरक्षण तिला मिळत नाही. शिवाय पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडे घेऊन माणसे बसवता येत नाहीत, त्याला परवाना लागतो. गटाची गाडी बाजाराच्या दिवशी भाड्याने फिरवू, असे काही जणी म्हणतात. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि सगळा बोजा गटावर येतो. भाड्यानेच फिरवायची तर सुरुवातीलाच पिवळ्या पाटीची नोंदणी करा आणि त्याचा कर व विमा हिशेबात धरा.

तिसरी गोष्ट हिशेबाची. समजा, जुनी गाडी घेण्यासाठी अडीच लाखांचे कर्ज तीन वर्षांसाठी, वर्षाला तेरा टक्क्यांनी घेतले. हप्ता महिन्याला साधारण ८,४०० रुपये बसतो. सगळे इतकाच हिशेब करतात. आता वर्षाचा देखभालीचा अंदाज मांडू: ऑइल-फिल्टरसह सर्व्हिसिंग ५,०००, टायरचा वाटा ५,०००, सस्पेन्शन ६,०००, ब्रेक १,५००, बॅटरीचा वाटा १,२००, क्लचचा वाटा २,५००, विमा ७,०००. बेरीज २८,२०० होते, म्हणजे महिन्याला सुमारे २,३५० रुपये. पेट्रोल यात नाही. हे २,३५० दर महिन्याला वेगळे काढता येणार नसतील, तर ती गाडी आपल्याला परवडत नाही, हप्ता परवडला तरी. आणि गाडी फार स्वस्त मिळत असेल तर ती का स्वस्त आहे ते पाहा. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणे बंद केले, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. अशा कंपन्यांच्या गाड्या जुन्या बाजारात कमी किमतीला मिळतात आणि त्या चालतातही. पण पार्ट शहापुरात मिळेल की कल्याण-मुंबईहून मागवावा लागेल, हे घेण्याआधीच मिस्त्रीला विचारा.

आता काही जणी विचारतील, की एवढी कटकट असेल तर गाडी हवीच कशाला? हवी, कारण रात्री कळा सुरू झालेल्या बाईला शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचे असते. अलीकडच्या वर्षांतही शहापूर तालुक्यातून बाळंतिणीला झोळीत घालून नेल्याच्या बातम्या आल्या आहेत. हवी, कारण मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बाईला माहेरी किंवा पोलीस ठाण्यात जायचे असते आणि किल्ली मारणाऱ्याच्याच खिशात असते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ हाही हिंसाचार धरला आहे. जी वस्तू वापरण्याचा तिला हक्क आहे ती वापरू न देणे, तिचा हक्क असलेली मालमत्ता परस्पर विकणे, हे त्यात येते. तिने हप्ते भरलेल्या गाडीबाबत असे झाले, तर संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देताना त्याचा उल्लेख करायला विसरू नका. हप्त्याच्या पावत्या आणि दुरुस्तीची बिले तेव्हा उपयोगी पडतात.

पण एक भान ठेवले पाहिजे. सरकारी दवाखान्याची गाडी वेळेवर येत नाही म्हणून बायकांनी कर्ज काढून गाडी घ्यावी, हे आपले उत्तर असू शकत नाही. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. गरोदर बाईला नेण्या-आणण्याची मोफत सोय जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून आहे. ती पाड्यापर्यंत पोचत नाही, कारण रस्ता नाही. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. तो आपल्या शहापूर तालुक्यातून जातो. त्यावरून गाड्या ताशी शंभराच्या पुढे धावतात, आणि खाली पाड्याच्या वाटेवर लिंक रॉड तुटतो. वाईट रस्ता म्हणजे आपल्यावर बसवलेला न लिहिलेला कर आहे आणि तो गॅरेजच्या बिलातून वसूल होतो.

म्हणूनच बिलांची वही ठेवा असे मी म्हणते. तारीख, किलोमीटर, काय बिघडले, पार्ट किती, मजुरी किती, आणि गाडी कुठे बंद पडली, एवढे सहा रकाने पुरेत. एका पाड्यातल्या चार गाड्या, रिक्षा आणि मोटरसायकली यांचा वर्षभराचा हिशेब एकत्र केला, तर त्या रस्त्याने लोकांचे किती पैसे खाल्ले ते आकड्यात दिसेल. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडची काही गावेही आहेत. तिथे पेसा कायद्याने ग्रामसभेला जादा अधिकार दिले आहेत. ग्रामसभेत 'रस्ता खराब आहे' असे म्हटले तर ग्रामसेवक मान डोलावतो. वही उघडून वाचली तर त्याला ती इतिवृत्तात लिहावी लागते.

पुढच्या बैठकीपर्यंत तीन कामे करू. प्रत्येक गटाने एक वही सुरू करायची. ज्या घरात बाईच्या कर्जाची गाडी आहे, तिथे दुसरी किल्ली तिच्याकडे असावी असा ठराव गटात करायचा, आणि ती मिळाली की नाही ते विचारायला दोघींनी घरी जायचे. प्रत्येक गटातून निदान दोघींनी शिकाऊ लायसन्स काढायचे. ज्यांच्या मुली दहावी झाल्या आहेत, त्यांनी आयटीआयच्या 'मेकॅनिक मोटर व्हेइकल' या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची चौकशी करावी. शिवणकाम सोडून मुलींना दुसरे काही असते, हे आपण सांगितले नाही तर कोण सांगणार?

आता चहानंतर बाहेर लावलेल्या गाडीपाशी जमू. बॉनेट उघडून डिपस्टिक, कूलंटची बाटली आणि बॅटरीची टोके प्रत्येकीने स्वतःच्या हाताने पाहायची आहेत. हात काळे होतील. बाजूला बादली आणि साबण ठेवला आहे.